समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करायचंय? आधी सुपरव्हिजनचं विचारा

अनघा_त

प्रवेशाचे दिवस आले की मला हमखास फोन येतात. ‘ताई, कौन्सेलिंगमध्ये एम.ए. करायचंय, कुठलं कॉलेज चांगलं?’ विचारणारी कधी नुकतीच बी.ए. झालेली मुलगी असते, कधी आयटीला कंटाळलेला चाळिशीतला माणूस, तर कधी मुलं हाताशी आल्यावर मनासारखं काही करू बघणारी गृहिणी. मी पुण्यात एका महाविद्यालयाच्या समुपदेशन केंद्रात काम करते आणि एम.ए.च्या मुलांचं सुपरव्हिजन करते, म्हणजे त्यांनी क्लायंटबरोबर केलेलं काम त्यांच्यासोबत पुन्हा ऐकते आणि त्यावर चर्चा करते. प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे सविस्तर लिहिते. इतर जाणकारांचीही भर पडेल.

कॉलेजचं नाव, फी, वसतिगृह हे सगळं नंतर. विभागात जाल तेव्हा पहिल्यांदा हे विचारा: दोन वर्षांत मी खऱ्या माणसांसमोर किती तास बसणार? आणि तिथे मी काय बोलले, ते नंतर कोण ऐकणार?

अभ्यासक्रमाची कागदावरची यादी बहुतेक ठिकाणी सारखीच दिसते. रॉजर्स, एलिस, बेक यांच्या उपचारपद्धती, मनोविश्लेषण, कुटुंबोपचार, मानसिक चाचण्या, संशोधनपद्धती, संख्याशास्त्र. हे सगळं लागतंच, पण त्यातलं बरंचसं ग्रंथालयात बसून वाचता येतं. समोरचा माणूस रडायला लागल्यावर आपल्या पोटात काय होतं आणि त्या गडबडीत आपल्या तोंडून काय जातं, हे वाचून कळत नाही. त्यासाठी बसावंच लागतं, आणि बसल्यावर कुणीतरी ते आपल्याबरोबर पुन्हा ऐकावं लागतं.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर आपल्याकडच्या बऱ्याच विद्यापीठांत एम.ए.ला ४ श्रेयांकांचं ऑन जॉब ट्रेनिंग आलंय, म्हणजे साधारण १२० तास. ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या तासांत काय होतं हे विभागागणिक बदलतं. कुठे मुलं खरोखर क्लायंटसमोर बसतात आणि दर आठवड्याला त्यावर चर्चा होते. कुठे जागतिक मानसिक आरोग्य दिनाची पोस्टर्स रंगवतात, फॉर्म भरून घेतात, कोपऱ्यात बसून ‘निरीक्षण’ करतात आणि शेवटी सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घेऊन येतात. गुणपत्रिकेत दोन्ही सारखंच दिसतं.

सुपरव्हिजन म्हणजे नेमकं काय, हे बाहेरच्यांना कळावं म्हणून वर्गातल्या एका रोल प्लेचा तुकडा देते. दोघीही विद्यार्थिनी होत्या, गोष्ट रचलेली होती आणि दोघींची परवानगी आहे, म्हणूनच लिहिता येतंय.

क्लायंट झालेली मुलगी: आई गेल्यापासून घरचं सगळं मीच बघते. बाबांचं, भावाचं, सगळंच.
समुपदेशक झालेली: बाप रे, किती खंबीर आहात तुम्ही!
क्लायंट: हं... करावंच लागतं ना.

रेकॉर्डिंग इथे थांबवलं. ‘करावंच लागतं’ म्हणताना तिचा आवाज कसा होता, असं विचारलं. पुन्हा लावलं. आवाज पडला होता. कौतुक अगदी मनापासून केलेलं होतं, पण त्यानंतर त्या मुलीला खंबीर राहण्यावाचून वाटच उरली नाही. दमलेय, भावाचा राग येतो, आईचाही येतो, यातलं काहीही आता बोलायची सोय राहिली नाही. त्या एका वाक्यावर आमचा निम्मा तास गेला. पुन्हा तोच प्रसंग घेतला तेव्हा ती एवढंच म्हणाली, ‘सगळं तुमच्यावरच आलं,’ आणि गप्प बसली. समोरची मुलगी रचलेली गोष्ट सोडून स्वतःच्या घराबद्दल बोलू लागली. तिथे आम्ही रोल प्ले थांबवला, कारण वर्ग ही त्याची जागा नव्हे. तिला हवं असेल तर बाहेरचा समुपदेशक गाठून द्यायचा, हेही शिक्षकाचंच काम आहे.

अशी ध्वनिमुद्रणं ऐकून शिकायची पद्धत तशी जुनी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स ओहायो स्टेट विद्यापीठात असताना तबकड्यांवर मुलाखती मुद्रित करत. १९४२ सालच्या त्यांच्या पुस्तकात ‘हर्बर्ट ब्रायन’ असं टोपणनाव दिलेल्या माणसाच्या आठही मुलाखती शब्दन् शब्द छापल्या आहेत. बंद दाराआड काय चालतं ते आधी फक्त थेरपिस्टच्या आठवणीवर कळायचं. आठवण आपल्याला सोयीचं तेवढंच ठेवते. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर असताना कित्येक मुलं एकही सेशन कुणाला न ऐकवता एम.ए. होतात, हे मला फार खटकतं.

तुम्ही कुठे शिकलात, तिथे सुपरव्हिजन होतं का, कसं होतं, जरूर लिहा.

निशिगंधा

फार गरजेचा धागा, अनघाताई. माझी भाची यंदा प्रवेश घेतेय, तिला लिंक पाठवली. वाचतेय.

दिलीप_सां

ताई, आपल्या यादीतला ‘आयटीला कंटाळलेला चाळिशीतला माणूस’ म्हणजे मीच समजा. बी.ई. आहे, हिंजवडीत नोकरी, घराचे हप्ते चालू आहेत. नोकरी सांभाळून दूरस्थ पद्धतीने एम.ए. मानसशास्त्र करून मग समुपदेशन करता येईल का? शिवाय आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणी लागते असं काही जण म्हणतात, काही जण म्हणतात लागत नाही. नेटवर वाचून गोंधळ वाढलाय.

अनघा_त

दिलीपजी, गोंधळ होणं साहजिक आहे. मला ठाऊक आहे तेवढं सांगते.

आधी आरसीआय. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२चा. परिषदेच्या नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट (मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ) येतात, पुनर्वसन क्षेत्राबाहेरचे सर्वसाधारण समुपदेशक येत नाहीत. क्लिनिकलसाठी आजवर मान्यताप्राप्त संस्थेतलं दोन वर्षांचं एम.फिल. हा मुख्य रस्ता होता. एम.फिल. ही पदवीच बंद करायचं यूजीसीने ठरवलं, पण क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोन विषयांना २०२५-२६ पर्यंतच्या प्रवेशांची मुदत दिली. परिषदेच्या नव्या रचनेत एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि साय.डी. (मानसशास्त्रातली व्यावसायिक डॉक्टरेट) हे अभ्यासक्रम आहेत. तुम्हाला ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ व्हायचं असेल तर याच वाटेने जावं लागेल. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. करून ती पाटी लावता येत नाही. कुणी ‘लावली तर चालते’ म्हणालं तर ऐकू नका.

समुपदेशकासाठी आपल्याकडे अजून परवाना नाही. म्हणून तर आठवड्याभराचा ऑनलाइन कोर्स केलेला माणूसही दारावर ‘समुपदेशक’ लिहू शकतो, आणि नीट शिकलेल्या मुलांची किंमत लोकांना कळत नाही. २०२१ साली राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाचा कायदा झाला. त्यात वर्तन-आरोग्य या गटात मानसशास्त्रज्ञ आणि वेगवेगळ्या प्रकारचे समुपदेशक धरलेले आहेत. आयोगाने उपयोजित मानसशास्त्राचा अभ्यासक्रमही आखला आहे. पुढे नोंदणी होईल तेव्हा तुमच्याकडे कोणती पदवी आहे आणि प्रत्यक्ष कामाचे तास किती, हे बघितलं जाणार, असं मी धरून चालते.

आता दूरस्थचं. २०२५च्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून यूजीसीने २०२१च्या त्या कायद्याखाली येणारे विषय दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने शिकवायला बंदी केली. मानसशास्त्र त्यात आलं. तेव्हा नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी ही वाट बंद आहे. ‘आमच्याकडे अजून चालू आहे’ असं कुणी सांगून पैसे मागत असेल तर आधी यूजीसीच्या संकेतस्थळावर तपासा. ज्यांचे प्रवेश त्याआधी झालेत त्यांनी घाबरून जायचं कारण नाही, पण त्यांनी प्रत्यक्ष कामाचे तास बाहेर कुठेतरी सुपरव्हिजनखाली करून घ्यावेत.

नोकरी सोडू नका, असं मी लगेच म्हणणार नाही आणि सोडा असंही नाही. आधी एखाद्या हेल्पलाइनवर स्वयंसेवक म्हणून रीतसर प्रशिक्षण घेऊन काही महिने काम करून बघा. इतरांचं दुःख रोज ऐकणं आपल्याला झेपतं का, ते त्यात कळतं.

तेरणाकाठ

धाराशिव जिल्ह्यातून लिहितोय. एम.ए. संभाजीनगरला केलं, आता सरकारी आरोग्य यंत्रणेत समुपदेशक आहे.

अनघाताईंचं म्हणणं शंभर टक्के पटलं, पण पुण्या-मुंबईचं सुपरव्हिजनसुद्धा एक बंद खोली, दोन खुर्च्या आणि पन्नास मिनिटं गृहीत धरून चालतं. आमच्याकडं यातलं काहीच नसतं. उपकेंद्रावर एकच खोली. तिथंच लसीचा फ्रीज, तिथंच औषधांचे खोके. सून बोलायला बसली की सासू दारात उभी. ‘काय विचारायचं ते माझ्यासमोर विचारा,’ म्हणते. एम.ए.च्या कुठल्या पेपरात या सासूबाईंचं काय करायचं ते लिहिलंय?

आता मी असं करतो. आधी सासूबाईंनाच बसवतो. ‘तुम्हाला काय वाटतं, हिला काय होतंय?’ विचारतो. त्या बोलतात, भडाभडा बोलतात. त्यांचाही बीपी असतो, त्यांचंही पोरगं पिऊन येतं. पंधरा-वीस मिनिटं त्यांचं ऐकलं की त्याच म्हणतात, ‘बरं, आता हिचं बघा, मी बाहेर बसते.’ हे मला एका आशाताईंनी शिकवलं, प्राध्यापकांनी नाही.

२०१५ साली शासनानं विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांसाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. आशाताई घरोघर जाऊन प्रश्नावली भरून घेतात आणि ज्याची नैराश्याची लक्षणं जास्त त्याला पुढं पाठवतात. पुढं पाठवलेला माणूस शेवटी समुपदेशकासमोर येतो. त्याच्या डोक्यावर कर्ज असतं, बोअर आटलेलं असतं, पोरीचं लग्न ठरलेलं असतं. त्याला ‘तुमच्या विचारांमधली विकृती शोधू या’ म्हणणं मला क्रूर वाटतं. त्याचा विचार बरोबर असतो, परिस्थिती वाईट असते. बँकेत कुणाला भेटायचं, विम्याचा दावा कसा करायचा, कीटकनाशकाचा डबा सध्या कुणाच्या ताब्यात ठेवायचा, हे समुपदेशनातच येतं. डब्याचं तर सगळ्यात आधी विचारतो. हाताशी विष नसेल तर ती वेळ टळते आणि बरेचदा माणूस वाचतो.

पदव्युत्तर अभ्यासक्रमात निदान एक सत्र प्राथमिक आरोग्य केंद्रात काढायला लावा. मग कळेल मुलांना.

अनघा_त

तेरणाकाठ, सासूबाईंना आधी बसवण्याचं मी उद्याच माझ्या मुलांना सांगणार आहे. परवानगी आहे ना?

डब्याचा मुद्दा सगळ्यांनी पुन्हा एकदा वाचावा. आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारायला आमची नवी मुलं कचरतात. विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो अशी भीती असते. तसं होत नाही. विचारल्यावर माणसाला सुटल्यासारखं वाटतं. ‘मरून जावंसं वाटतं का? कसं करायचं ते ठरवलंय का? ते घरात आहे का?’ हे तीन प्रश्न न अडखळता विचारता येईपर्यंत मी विद्यार्थ्याला एकट्याने क्लायंट देत नाही.

वैद्य_सोलापूर

मनोविकारतज्ज्ञ आहे. धाग्याचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा, म्हणून लिहितो.

समुपदेशकांनी पाठवलेले रुग्ण माझ्याकडे येतात तेव्हा दोन टोकं दिसतात. काही जण वेळेवर पाठवतात, बरोबर नीट चिठ्ठी देतात, आणि पुढे आम्ही दोघं मिळून काम करतो. काही जण वर्षभर ‘सेशन’ घेत राहतात आणि रुग्ण येतो तेव्हा त्याचा थायरॉइड पार बिघडलेला असतो. सुस्ती, वजन वाढणं, कशात मन न लागणं हे नैराश्यासारखंच दिसतं. साधी रक्ततपासणी कुणी सुचवलेली नसते. विशीतला मुलगा रात्र रात्र जागतो, एकाएकी पैसे उधळतो, भराभर बोलतो. त्याच्या आईवडिलांना ‘तो आत्मविश्वास कमावतोय’ असं सांगितलेलं मी ऐकलं आहे. तो उन्माद, म्हणजे मेनियाचा आजार होता.

समुपदेशकाने निदान करावं, औषध द्यावं, असं माझं मुळीच म्हणणं नाही. पण हे आपल्या हातचं नाही, हे ओळखता आलं पाहिजे. त्यासाठी एम.ए.च्या मुलांनी मनोविकार विभागाच्या ओपीडीत बसायला हवं. आपल्या राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, शिवाय प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकार विभाग आहे. तिथे बसून एकदा तीव्र नैराश्य, एकदा उन्माद, एकदा स्किझोफ्रेनियाची सुरुवात डोळ्यांनी बघितली की आयुष्यभर लक्षात राहते.

आमच्या बाजूची तक्रारही ऐकून घेतो. ओपीडीत आमच्याकडे माणसामागे चार-पाच मिनिटं असतात. रुग्णाचं म्हणणं पूर्ण ऐकायला मला समुपदेशक लागतोच.

शाळेतली_ताई

नाशिकजवळच्या एका शाळेत समुपदेशक आहे. प्रशिक्षणात राहून गेलेल्या एका गोष्टीबद्दल लिहिते, कारण ती रोज समोर येते.

गोपनीयतेवर आम्हाला भरपूर शिकवलं होतं. क्लायंटचं बोलणं बाहेर जाता कामा नये, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्येही तो रुग्णाचा हक्क आहे, वगैरे. पण शाळेतलं मूल म्हणजे अठराच्या आतलं मूल. त्याने लैंगिक छळाबद्दल काही सांगितलं तर पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बालपोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. मुख्याध्यापक म्हणतात, ‘आधी आपापसात बघू.’ पालक म्हणतात, ‘अब्रूचा प्रश्न आहे.’ मूल म्हणतं, ‘तुम्ही कुणालाच सांगणार नाही म्हणालात.’ यातलं तिसरं वाक्य सगळ्यात जड असतं.

म्हणून मी आता पहिल्याच भेटीत, मूल काही बोलायच्या आधी, त्याला कळेल असं सांगते: ‘तू बोलशील ते माझ्याजवळ राहील. पण तुला कुणी त्रास देत असेल, किंवा तू स्वतःला काही करून घेशील असं मला वाटलं, तर तुला जपण्यासाठी मला दुसऱ्या मोठ्या माणसाची मदत घ्यावी लागेल. तसं करायच्या आधी मी तुला सांगेन.’ हे पाठ करून म्हणायचं नाही. समजलं का ते त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचं.

हे वाक्य मला एम.ए.त कुणी दहा वेळा म्हणायला लावलं असतं तर फार बरं झालं असतं. आता तर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की १०० किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा. शाळा माणसं शोधायला लागल्या आहेत. येणारी मुलं हे शिकून येणार आहेत का?

सुमेध_रा

मी सध्या एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबईत. मला एक वेगळा मुद्दा मांडायचाय. आमचे काही शिक्षक म्हणतात, थेरपिस्ट व्हायचं तर स्वतः थेरपी घेतलीच पाहिजे. तत्त्व म्हणून मान्य. पण एका सेशनचे हजार-दीड हजार रुपये. मी खोलीभाडं, मेस आणि लोकलचा पास यांतच संपतो. माझ्या वर्गातली काही मुलं घरात शिकणारी पहिलीच पिढी आहेत. त्यांना ‘पर्सनल थेरपी घेतली का?’ असं सगळ्यांसमोर विचारणं मला बरोबर वाटत नाही. ज्याच्या बापाकडे पैसे, तोच चांगला समुपदेशक होणार का?

निशिगंधा

सुमेध, अगदी रास्त प्रश्न. पालक म्हणून मलाही हा खर्च माहीत नव्हता.

अनघा_त

सुमेध, पटलं तुझं. थेरपी घ्यावी या मताची मी आहे, पक्की आहे. आपलं दुखणं आपल्याला माहीत नसेल तर क्लायंटच्या दुखण्याशी त्याची सरमिसळ होते. वडिलांशी बोलणं टाकलेली मुलगी क्लायंटच्या वडिलांवर चिडते, आणि त्यालाच ती सहानुभूती समजते. हे सुपरव्हिजनमध्ये लक्षात येतं, पण ते सोडवायची जागा थेरपीच.

पण अट घालायची तर सोय करायची जबाबदारी विभागाची. दोन विद्यापीठांनी आपापसात ठरवून एकमेकांच्या मुलांना अल्प दरात किंवा मोफत थेरपी द्यावी. आपल्याच शिक्षकाकडे मात्र नको, कारण तोच गुण देणार असतो. आणि वर्गात सगळ्यांसमोर विचारणं चूकच. कुणी थेरपी घेतो की नाही ही त्याची खाजगी गोष्ट आहे. आम्ही क्लायंटला जे वचन देतो ते विद्यार्थ्यालाही लागू आहे.

मिशिगनवासी

अमेरिकेत क्लिनिकल मेंटल हेल्थ कौन्सेलिंगमध्ये मास्टर्स केलं, त्या अनुभवावरून भर घालते. इकडे यायचा विचार करणाऱ्यांना उपयोग होईल.

पहिली गोष्ट, इकडे ‘कौन्सेलिंग’ आणि ‘कौन्सेलिंग सायकॉलॉजी’ या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिलीत मास्टर्स करून राज्याचा परवाना घेऊन समुपदेशक होता येतं. दुसरीत ‘सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं तर साधारणपणे डॉक्टरेट लागते. पाच-सहा वर्षं, शेवटी वर्षभराची पूर्णवेळ इंटर्नशिप. चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.ला बहुतेकदा फी माफ होते आणि असिस्टंटशिप मिळते. मास्टर्सला मात्र बहुतेक खर्च आपल्या खिशातून. म्हणून ‘आधी मास्टर्स, मग बघू’ हे दिसतं तेवढं स्वस्त पडत नाही.

या शाखेचा जन्मही लक्षात घेण्यासारखा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर लाखो सैनिक घरी परतले. त्यांना नोकरी, शिक्षण, संसार यांत पुन्हा उभं राहायला मदत हवी होती, आणि त्यातले सगळे काही आजारी नव्हते. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनमध्ये यासाठीचा सतरावा विभाग १९४६ साली निघाला. ‘कौन्सेलिंग सायकॉलॉजी’ हे नाव १९५१ च्या नॉर्थवेस्टर्न परिषदेत रुजलं. त्यामुळे करिअरचं मार्गदर्शन आणि माणसाच्या जमेच्या बाजू बघणं या शाखेच्या मुळातच आहे. आपल्याकडे करिअर कौन्सेलिंगला दुय्यम समजतात, ते मला पटत नाही.

आता तासांचं. सीएसीआरईपी या समुपदेशनाचे अभ्यासक्रम तपासणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला मास्टर्स ६० क्रेडिटचा असतो. प्रॅक्टिकम (सुरुवातीचा प्रत्यक्ष सराव) १०० तास, त्यात ४० तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबर. मग इंटर्नशिप ६०० तास, त्यात २४० प्रत्यक्ष. या सगळ्या काळात आठवड्याला एक तास वैयक्तिक किंवा दोन विद्यार्थ्यांचं मिळून सुपरव्हिजन, शिवाय सरासरी दीड तास गटाचं. हे नसेल तर पदवीच मिळत नाही. अनघाताईंनी सांगितलेले १२० तास वाचून मला फरक जाणवला.

पण पदवी हा अर्धाच रस्ता. परवान्यासाठी पदवीनंतर पुन्हा सुपरव्हिजनखाली काम करावं लागतं. कॅलिफोर्नियात ३,००० तास, तेही कमीत कमी दोन वर्षांत. विद्यार्थी व्हिसावर पदवीनंतर कामाची मुदत साधारण वर्षभराची असते. हा हिशेब भारतातून निघतानाच करा. माझ्या वर्गातल्या एका मुलीला तो शेवटच्या सत्रात कळला आणि तिची फार ओढाताण झाली. परवाना राज्यागणिक वेगळा असतो, म्हणून कोणत्या राज्यात राहायचं हेही आधीच ठरवलेलं बरं.

नाव_नको

मी समुपदेशक नाही, क्लायंट आहे. लिहू की नको असा विचार करत होते.

मी पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले त्या विद्यार्थिनी होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘मी शिकतेय. माझ्या एक वरिष्ठ आहेत, त्यांच्याशी मी आपल्या कामाबद्दल बोलेन. तुमचं नाव सांगणार नाही. रेकॉर्ड केलेलं चालेल का? नाही म्हणालात तरी आपलं काम थांबणार नाही.’ मी सुरुवातीला रेकॉर्डिंगला नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. नंतर मीच हो म्हणाले.

शिकणाऱ्या व्यक्तीकडे गेल्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. उलट माझ्यासाठी दोन डोकी विचार करताहेत असं वाटायचं. एकदा त्या येऊन म्हणाल्या, ‘मागच्या वेळी तुम्ही बहिणीबद्दल बोलत होतात आणि मी विषय दुसरीकडे नेला, असं मला नंतर जाणवलं. तिथे परत जाऊ या का?’ तोवर आपलं बोलणं कुणी इतकं जपून ठेवलेलं मला माहीत नव्हतं.

नंतर एका खूप अनुभवी आणि महागड्या व्यक्तीकडेही गेले होते. त्या सारखं घड्याळ बघत होत्या आणि मला माझ्याच प्रश्नावर व्याख्यान देत होत्या. एवढंच सांगायचं होतं.

शाळेतली_ताई

नाव_नको, लिहिलंत म्हणून फार बरं वाटलं. तुमचा प्रतिसाद प्रत्येक विभागात पहिल्या दिवशी वाचून दाखवावा असा आहे.

दिलीप_सां

सगळ्यांचे आभार. दोन विभागांत जाऊन आलो. ताईंनी सांगितलेले प्रश्न विचारले. एका ठिकाणी ‘हे सगळं प्रवेशानंतर कळेल’ असं उत्तर मिळालं. दुसरीकडे मॅडमनी चक्क मागच्या वर्षीचं वेळापत्रक काढून दाखवलं, दर शुक्रवारी दुपारी तीन ते पाच केस चर्चा, आणि सुपरव्हायझर कोण तेही. पण तो अभ्यासक्रम पूर्णवेळ आहे. बायकोशी बोलतोय. तोवर हेल्पलाइनच्या स्वयंसेवक प्रशिक्षणासाठी अर्ज केलाय.

एक विचारायचं राहिलं. चाळिशीत या क्षेत्रात आल्यावर वय आड येतं का?

वैद्य_सोलापूर

दिलीपराव, माझ्याबरोबर काम करणाऱ्या एक बाई बँकेतली नोकरी सोडून आल्या. कर्जात बुडालेल्या माणसाशी त्या जसं बोलतात तसं मला जमत नाही. एकच काळजी घ्या, आयटीतल्या सवयीने समोरच्याचा प्रश्न सोडवायला धावू नका.

तेरणाकाठ

अनघाताई, परवानगी कसली, खुशाल सांगा. पण माझी एक अडचण आहे. इकडं मला सुपरव्हायझरच नाही. जिल्ह्यात या कामाचे आम्ही मोजके लोक, आणि सगळे एकमेकांच्या तालुक्यातले. केस बोलायची तर नाव न घेतासुद्धा माणूस ओळखू येतो. पुण्याला यायचं तर रजा आणि प्रवासखर्च. पदवी झाल्यावर आमच्यासारख्यांनी कुठं जायचं?

अनघा_त

तेरणाकाठ, तुमच्यासारखे अजून काही जण माझ्या ओळखीचे आहेत. एक नंदुरबारला, एक गोव्यात डिचोलीला, एक चंद्रपूरला. महिन्यातून दोनदा रविवारी सकाळी ऑनलाइन बसायचं आम्ही ठरवतोय, मराठीतून. सगळे वेगवेगळ्या जिल्ह्यांतले असल्यामुळे क्लायंट ओळखू येण्याची भीती कमी. तरी काही नियम पाळायचेच. नाव, गाव, जात, व्यवसाय आणि ओळख पटेल असा कुठलाही तपशील बदलून घ्यायचा. आपण सहकाऱ्यांशी चर्चा करतो हे क्लायंटला आधी सांगितलेलं हवं. एका वेळी दोनच केसेस, म्हणजे घाई होणार नाही. रेकॉर्डिंग कुणीही करायचं नाही, आणि ऑनलाइन बसताना खोलीत दुसरं कुणी नको.

मी धरून दोघी सुपरव्हायझर आहोत, पैसे घेणार नाही. सहापेक्षा जास्त माणसं घेणार नाही, नाहीतर कुणाचंच नीट ऐकून होत नाही. सध्या दोन जागा आहेत. एक तुमच्यासाठी धरते, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. दुसरी शक्यतो अशा कुणाला द्यावी म्हणते, ज्यांच्या तालुक्यात या कामाला ते एकटेच आहेत.

सुमेध, तुला या गटात घेता येणार नाही, कारण तू अजून विभागाच्या सुपरव्हिजनखाली आहेस आणि दोन सुपरव्हायझर दोन दिशांना ओढतील. पण तुझ्या विभागप्रमुखांना थेरपीच्या अदलाबदलीबद्दल पत्र लिहायला मी तयार आहे. तुमच्या वर्गाने मिळून एक अर्ज केलात तर माझं पत्र त्याला जोडता येईल.

सुमेध_रा

ताई, अर्ज लिहायला घेतलाय. आतापर्यंत वर्गातल्या अकरा जणांनी सही करतो म्हणून सांगितलं. मसुदा झाला की व्यनि करतो.